शिकागोची लिटल व्हिलेज: वस्तीला गोतावळा तारतो की बाजार?

वाटसरू: लॅटिनो स्थलांतरितांच्या वस्त्यांचा विषय निघाला की 'किती एकोपा, किती कुटुंबवत्सल लोक' हे कौतुक ठरलेलं. माझं मत: वस्ती तगते त्याचं श्रेय आधी रस्त्यावरच्या बाजाराला, वर्दळीला द्या.

जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेनं सातशेहून जास्त माणसं दगावली. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी लागून असलेल्या दोन वस्त्या ताडून पाहिल्या. एक कृष्णवर्णीयांची नॉर्थ लॉन्डेल, दुसरी मुख्यतः मेक्सिकनांची लिटल व्हिलेज. ऊन तेच, एकट्या राहणाऱ्या गरीब म्हाताऱ्यांचं प्रमाणही जवळपास तेवढंच. तरी नॉर्थ लॉन्डेलमध्ये लाखामागे सुमारे ४० मृत्यू, लिटल व्हिलेजमध्ये ४. गोम पुढेच आहे. लिटल व्हिलेजमधले एकटे म्हातारे बरेचसे जुने गोरे रहिवासी होते. मेक्सिकन गोतावळा त्यांचा नव्हताच! पण २६ व्या स्ट्रीटवर दुकानं उघडी, फेरीवाले, दिवसभर वर्दळ. घराबाहेर पडायची धास्ती नाही, गारव्याला दुकानात शिरता येतं. नॉर्थ लॉन्डेलमधले कारखाने गेले, मागोमाग दुकानं आणि माणसंही गेली. उरलेले म्हातारे कडी लावून आत.

नीलमोहर: अहो, पण ती दुकानं काय आपोआप उगवली? बँक दारात उभं करत नाही तेव्हा हे लोक 'तांदा' लावतात, म्हणजे आपली भिशीच. ना कागद ना सही, ओळखीवर चालतं. बाजार त्या विश्वासावर उभा राहतो.

आणि २००१ चं उपोषण? वस्तीला कबूल केलेली शाळा रखडली म्हणून आया-आज्यांसह चौदा जण १९ दिवस उपाशी बसले. २००५ मध्ये शाळा उघडली. वर्दळीनं उपोषण होत नसतं.

तिरपागडे: दोघांचंही पटत नाही. १९९७ मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्प्सन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, तोही शिकागोचाच, ३४३ वस्त्यांचा. शेजाऱ्यांचा एकमेकांवर भरवसा आहे का, पोरं टवाळक्या करत असली तर कोणी हटकतं का, असे प्रश्न विचारले होते. स्थलांतरितांची दाटी असलेल्या वस्त्यांत हे बळ कमीच भरलं. साहजिक आहे. भाड्याची घरं, दोन-दोन पाळ्या, आणि कागदपत्रं नसली की माणूस पोलिसांना फोन करायच्या आधी दहादा विचार करतो. शिवाय जीव गुंतलेला गावाकडे. मेक्सिकोतल्या झाकातेकास राज्यातल्या आपल्या गावासाठी इथे मंडळ काढून वर्गणी जमवतील, वरच्या मजल्यावर कोण राहतं ते ठाऊक नसेल. भिशीचं म्हणाल तर ओळख नसलेल्याला तिथे दार बंदच.

नीलमोहर: @तिरपागडे, याच सॅम्प्सननी २००५ मध्ये दाखवलं की पहिल्या पिढीचे स्थलांतरित हिंसेच्या वाटेला कमी जातात आणि स्थलांतरितांच्या वस्तीत राहणंही हिंसेला आवर घालतं. मग हटकणारं कोणी नाही हे कसं?

तिरपागडे: हिंसा कमी म्हणजे एकोपा जास्त, हे गणित तुमचं. लोक आपलं काम बरं नि आपण बरे म्हणूनही गप्प राहतात.

वाटसरू: नीलमोहर, उपोषणाचा मुद्दा बिनतोड, मानलं. पण तीच शाळा आज नॉर्थ लॉन्डेलच्या मुलांनाही घेते, ती काही गोतावळ्यातली नव्हेत. आणि जवळच्याच पिल्सन या मेक्सिकन वस्तीचं काय? तिथे काय कमी नाती होती? भाडी चढली तशी मेक्सिकन कुटुंबं हजारोंनी बाहेर पडली. गोतावळा घरमालकाला थोपवू शकला नाही.

नीलमोहर: बाजारानं तरी कुठे थोपवलं?