एनसीडीतले पैसे ठेवू की काढू? वडिलांच्या रिटायरमेंटचे आहेत

निपाणीकर: नमस्कार मंडळी. वडील साखर कारखान्यातून रिटायर झाले, वय 63, मिळालेल्या पैशातले 6 लाख एका फायनान्स कंपनीच्या एनसीडीत (म्हणजे कंपनीला मुदतीवर कर्ज दिल्याचा बाँड) घातलेत, व्याज साडेनऊ टक्के, वर्षातून एकदा जमा होतंय. मुदत अजून सव्वादोन वर्षं. गेल्या महिन्यात कंपनीचं रेटिंग (पैसे फेडायच्या ताकदीचा दर्जा) डबल ए वरून खाली ए प्लस केलं. एजंट म्हणतोय सिक्युअर्ड (तारण असलेलं) आहे, काही होत नाही, गप्प ठेवा. एक्स्चेंजवर 1000 चा बाँड 968 ला दिसतोय म्हणजे फार पडलेला नाही, पण आई रोज विचारायला लागलीय पैसे सुखरूप आहेत काय म्हणून. काय करू?

टिळकवाडीवाला: दादा, त्या 968 वर जाऊ नका. त्या भावात साठलेलं व्याजपण धरलेलं असतंय. मागचं व्याज जमा होऊन आठ महिने झाले असतील तर वर्षाच्या 95 पैकी 63 रुपये त्यातच आले, म्हणजे बाँडचा खरा भाव 905 च्या आसपास. एवढ्याला आज कुणी घेतला तर मुदतीपर्यंत त्याला वर्षाला 14 टक्क्यांच्या घरात उत्पन्न पडतंय, आणि बाजार उगाच एवढं देत नाही. रेटिंग एजन्सीच्या साइटवर रेटिंग का उतरवलं त्याचं कारण लिहिलेलं असतंय, ते आधी वाचा. कंपनीच्या कर्जदारांची थकबाकी वाढलीय की कंपनीला नवीन कर्ज मिळायची अडचण आहे, दोन्हीत फरक आहे.

खानापूरकर: सिक्युअर्ड म्हणजे बुडत नाही असं नव्हे हो. डीएचएफएल ही गृहकर्ज देणारी कंपनी 2019 ला थकली, 2021 ला पिरामलनं घेतली तोपर्यंत सिक्युअर्डवाले पण अडकून होते आणि मुद्दल पूर्ण आलंच नाही. आयएल अँड एफएस या फायनान्स कंपनीचं रेटिंग तर सगळ्यात वरच्या ट्रिपल ए वरून 2018 मध्ये बघता बघता डी, म्हणजे थकलेली, झालं. तरी ए प्लस म्हणजे लगेच बुडाली असंही नव्हे, घाबरून सगळं एकदम मार्केट ऑर्डरला (मिळेल त्या भावाला) टाकू नका, घेणारे कमी असतात, भाव अजून पाडून मागतात. लिमिट लावून (यापेक्षा कमी भावात नको असं ठरवून) थोडे थोडे विका.

शहापूरची ताई: भाऊ, वडिलांची बाकी पुंजी किती? हे 6 लाख म्हणजेच सगळं असेल तर मी तोटा सोसून निम्म्याच्या वर काढीन. आणि काढलेले पैसे जास्त व्याज देतात म्हणून सोसायटीत, म्हणजे पतसंस्थेत, नेऊन ठेवू नका, आपल्याकडं पिग्मीवाला (रोजची बचत गोळा करणारा) रोज दारात येतो म्हणून विश्वास बसतो, पण 5 लाखांचा ठेव विमा फक्त बँकेला आहे, पतसंस्थेला नाही. त्यापेक्षा पोस्टात सीनियर सिटिझन स्कीम, 8.2 टक्के, दर तीन महिन्याला व्याज, 30 लाखांपर्यंत चालतंय.

निपाणीकर: टिळकवाडीवाले, पासबुक बघितलं, व्याज येऊन सात महिने झालेत, म्हणजे हिशेब जवळपास तोच. ताई, बाकी 4 लाख बँकेत एफडी आहे, एवढंच. उद्या 4 लाखांचे बाँड लिमिट लावून विकायला काढतो, भाव पडलेला दिसला तरी. वडिलांना पोस्टात घेऊन जातो, आधार, पॅन आणि फोटो सोडून अजून काय लागतंय?

शहापूरची ताई: वयाचा पुरावा जवळ ठेवा. लाखाच्या वरची रक्कम चेकनंच घेतात, म्हणून चेकबुक न्या, आणि नॉमिनी म्हणून आईचं नाव फॉर्मवर घालायला विसरू नका.