एकट्या कॉकाटील मादीच्या अंडी घालण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागेत राहतो. आमच्याकडे एकच कॉकाटील (तुरा असलेला छोटा पोपट) मादी असून, नर नसतानाही ती एक दिवसाआड अंडे घालू लागली आहे. अंडी फलित नाहीत, त्यामुळे पिल्लांचा प्रश्नच नाही; परंतु अंडी लगेच उचलली तर तूट भरून काढण्यासाठी मादी आणखी घालते, म्हणून सुमारे २१ दिवस उबवून ती स्वतःहून सोडेपर्यंत त्यांना हात लावणार नाही. तिने अंडी घालणे थांबवावे म्हणून पिंजऱ्यातला आरसा काढला आहे, पाठ कुरवाळणे बंद केले आहे (मान पुढे करून हट्टच धरते, तेव्हा फक्त डोके खाजवतो) आणि किमान १२ तास अंधार मिळावा म्हणून पिंजऱ्यावर संध्याकाळीच चादर टाकतो. कॅल्शियमसाठी ठेवलेला समुद्रफेस (कटलफिशचे हाड) तिने कडेने कुरतडला आहे, तरीही शेवटच्या अंड्याचे कवच बोटाला मऊ लागले, हीच खरी काळजी आहे. कारण असे अंडे पोटात अडकले तर जिवावर बेतते.

अशा वेळी द्रवरूप कॅल्शियम पाण्यातून द्यावे, की पशुवैद्यांनी तपासल्याशिवाय देऊ नये? सांगली-मिरजेत पक्षी तपासणारे पशुवैद्य कोणाच्या माहितीत आहेत का? शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंतचा प्रवास तिला या अवस्थेत सोसेल का, हेही अनुभवी मंडळींनी कृपया कळवावे.