संत्र्याचा पाक कडू होतो, बाटलीत साखर बसते. काय चुकतं?

वरूडची सून:
आमचा मृग बहाराचा संत्रा तुटला. मोठा माल व्यापाऱ्यानं नेला, चुरी राहिली. उन्हाळ्यात पाहुण्यांना सरबत देता यावं म्हणून चाळीसेक फळं पिळली, १ किलो साखर अन् अर्धा लिटर पाणी टाकून गंजभर पाक अर्धा तास उकळला. त्या दिवशी गोड लागला, दुसऱ्या दिवशी कडूजहर. पुढच्या खेपेला रस न टाकता नुसता पाक एकतारीपर्यंत आटवला, तर आठवड्यात बाटलीच्या तळाशी खडीसाखर! सासूबाई म्हणतात विकतचं आणू. दारात बाग असून पाहुण्यापुढे रंगाचं पाणी ठेवायला माझं मन धजत नाही. कोणी सांगेल का?

काटोलची काकू:
पोरी, रस उकळू नको. आपल्या संत्र्याच्या बियांत अन् पांढऱ्या पापुद्र्यात जे असतं, ते रसाच्या आंबटात हळूहळू कडू होतं, आणि आच लागली की लवकर. म्हणून ताजा रस गोड, शिळा कडू.

वास तर सालीत असतो. फळ न सोलता बारीक किसणीवर वरची केशरी साल तेवढी किस, पांढरं दिसलं की थांब. १२ फळांची साल पाव किलो साखरेत बोटांनी चोळ अन् रात्रभर झाकून ठेव. सकाळी साखर ओली, केशरी झालेली दिसेल, झाकण काढताच घर दरवळतं. फवारणी झालेली फळं मात्र घेऊ नको.

आता पाऊण किलो साखर, अर्धा लिटर पाणी, दोन लिंबांचा रस. झाकण ठेवून मंद आचेवर ५ मिनिटं. गॅस बंद केल्यावरच चोळलेली साखर टाक, नाहीतर वास वाफेबरोबर जातो. विरघळली की मलमलीतून गाळ. लिंबानं थोडी साखर फुटते, म्हणून खडे धरत नाहीत. तुझं पाणी आटलं होतं, साखर विरघळून राहायला जागाच उरली नाही. एकतारी पाक गुलाबजामाला लागतो, सरबताला नाही.

बाटली कोरडी ठणठणीत हवी. ओला चमचा गेला की बुरशी आलीच.

गडचिरोलीहून:
आमच्याकडे अंबाडीच्या लाल बोंडांचा करतो. पाकळ्या सोडवून उकळायच्या, गाळून तेवढीच साखर. आंबट मुळातच असतं, लिंबू नको. पण जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या भांड्यात कधीच नाही, स्टीलच घ्या. हा पातळ असतो, फ्रीजमध्येच ठेवावा लागतो.

वरूडची सून:
काकू, केला! ग्लासात दोन चमचे पाक, अर्ध्या संत्र्याचा ताजा रस, चिमूटभर मीठ, माठाचं पाणी. सासूबाईंनी दुसरा ग्लास मागितला अन् विचारलं, सालीचा वास बाटलीत कसा भरला गं? आज आठवा दिवस, तळ स्वच्छ आहे. गाळून उरलेल्या गोड सालीचं काय करू?

काटोलची काकू:
ताटात पसरून कडक उन्हात वाळव. चहात टाक, नाहीतर शिऱ्यात.