आमदार बाबासाहेब: कायदेमंडळातली वर्षं कारणी लागली का?

रकानेवाला: माझं मत असं की बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळाला दिलेला बराच वेळ ‘बहिष्कृत भारत’ला मिळायला हवा होता. महाडच्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ ला ते पाक्षिक निघालं. संपादक तेच, रकानेच्या रकाने लिहिणारेही तेच, वर हायकोर्टातली वकिली. पैशाअभावी १९२९ मध्ये पत्र बंद पडलं. आणि सभागृहात पदरात काय पडलं? महारांना वतनापोटीच्या गावकामाच्या सक्तीतून सोडवायचं १९२८ चं महार वतनाचं विधेयक मागे घ्यावं लागलं. कोकणात कुळं आणि सरकार यांच्यामध्ये बसून वसुली करणाऱ्या खोतांची पद्धत, म्हणजे खोती, मोडायचं १९३७ चं विधेयक मंजूरच झालं नाही.

कोकणातली: मंजूर झालं नाही म्हणजे फुकट गेलं, हे मला अजिबात मान्य नाही. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांचा खोतांविरुद्धचा संप १९३३ पासून चालू होता. शेतकरी नेते नारायण नागू पाटलांच्या मागे कुळं ठाम उभी होती. पण खोती जाऊन तिथे नेमकं काय यावं, हे कलमवार लिहायला बॅरिस्टरच लागतो. मधला खोत काढायचा, त्याला वाजवी भरपाई द्यायची, कुळाचा संबंध थेट सरकारशी जोडायचा. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले ते हीच मागणी घेऊन.

परळकर: मोर्चा रस्त्यावरच निघाला ना? मग रकानेवाल्यांचंच म्हणणं खरं ठरतं. कामगारांच्या संपावर बंधनं घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाला बाबासाहेबांनी सभागृहात कडाडून विरोध केला. ७ नोव्हेंबर १९३८ ला कम्युनिस्टांच्या बरोबरीने संप झाला. बहुमत काँग्रेसचं, विधेयक पास झालंच. आमच्या गिरणगावाला जाग आली ती त्या संपाने, भाषणांनी नाही.

कोकणातली: संप करणं हा गुन्हा ठरवला तर कामगार गुलाम होतो, हा मुद्दा त्यांनी मंत्र्यांच्या तोंडावर मांडला. ते सभागृहाबाहेरून कसं जमलं असतं? आणि गिरणीतल्या बायकांच्या प्रसूती लाभाचं विधेयक विसरलात. १९२८ मध्ये नेमलेले सदस्य असताना त्यांनी त्याची बाजू लढवली. १९२९ मध्ये कायदा झाला.

रकानेवाला: प्रसूती लाभाचं मान्य, ते मोठं काम होतं. पण खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये, म्हणजे विधेयक मांडल्यावर बारा वर्षांनी. तोवर कुळं खोताच्या दारातच उभी होती.

कोकणातली: तो दोष विधेयक अडवून धरणाऱ्यांचा. मांडणाऱ्याच्या माथी का मारता?