वराडकर आयर्लंडचे राष्ट्रप्रमुख कधीच नव्हते

घटनावाचक: ‘मालवण तालुक्यातल्या वराडचे लिओ वराडकर आयर्लंडचे राष्ट्रप्रमुख झाले’ ही पोस्ट पुन्हा फिरतेय. वराडकर ‘टीशख’ होते, म्हणजे सरकारप्रमुख. राष्ट्रप्रमुख ‘ऊअख्तरान’. १९३७ च्या घटनेचं कलम १२ वाचा: थेट जनतेतून निवड, मुदत ७ वर्षं, फार तर दोनदा. वराडकरांच्या काळात तिथे मायकेल हिगिन्स होते.

कोकणकडा: एवढं आकांडतांडव कशाला? सत्ता टीशखच्याच हाती. ऊअख्तरान म्हणजे आपल्या राष्ट्रपतीसारखाच रबरी शिक्का.

घटनावाचक: शिक्का? कलम २६ उघडून तरी बघा! विधेयक घटनेत बसत नाही असं ऊअख्तरानला वाटलं तर ते ७ दिवसांच्या आत थेट सर्वोच्च न्यायालयाकडे. आधी राज्यपरिषदेचं, म्हणजे त्याच्या सल्लागार मंडळाचं, मत ऐकायचं, पण मानायचं बंधन नाही. मंत्रिमंडळाला विचारायचंच नाही. आपल्याकडे राष्ट्रपतीने सर्वोच्च न्यायालयाचं मत मागायचं कलम १४३ मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालतं. १९७६ मध्ये तेव्हाचे ऊअख्तरान ओ डाली यांनी आणीबाणी अधिकार विधेयक असंच पाठवलं. संरक्षणमंत्री मुलिंगरच्या छावणीत जवानांसमोर त्यांना ‘थंडरिंग डिसग्रेस’ म्हणाले. सरकारने मंत्र्याला काढलं नाही, तेव्हा ओ डाली पायउतार झाले. शिक्क्यावर कोणी एवढं चिडतं?

सातबारा: पण ते विधेयक न्यायालयात टिकलंच की! कलम २६ ची खरी गोम तिथेच आहे. एकदा टिकलेल्या तरतुदीला कलम ३४ मुळे पुढे कोणालाच आव्हान देता येत नाही. आणि निकाल ६० दिवसांत, तोही कायदा लागू होण्याआधी. झळ बसलेला माणूस समोर नाही, साक्षीपुरावा नाही, सगळा युक्तिवाद कल्पनेतल्या उदाहरणांवर. दहा वर्षांनी खरी अडचण उभी राहिली तर दार बंद. शहाणा ऊअख्तरान म्हणूनच हात आखडता घेतो.

घटनावाचक: कलम ३४ चं मान्य. धनविधेयकं आणि घटनादुरुस्त्याही कलम २६ मधून वगळल्यात. तरी निर्णय त्याचा एकट्याचा, हे उरतंच.

कोकणकडा: आणि ‘थेट जनतेतून’? उमेदवारीलाच २० संसद सदस्य नाहीतर ४ स्थानिक परिषदा लागतात. २०२५ मध्ये इच्छुक मारिया स्टीन १८ सदस्यांवर अडकल्या. मतदानात दोन लाखांवर मतं बाद. पक्षांनी आधीच चाळून दिलेल्यांतून जनता निवडते.

सातबारा: ही चाळणी सैल करायलाच हवी. आणि घटनावाचक, कलम १२ चा हवाला देताय, पण त्यात ‘राष्ट्रप्रमुख’ शब्दच नाही. राज्यातल्या सर्वांहून अग्रमान, एवढंच आहे. १९४९ पर्यंत राजदूतांची नियुक्तिपत्रं इंग्लंडच्या राजाच्या नावाने निघत. तेव्हा राष्ट्रप्रमुख कोण, यावर अभ्यासक आजही भांडतात.

घटनावाचक: ठीक, १९४९ आधीचं सोडतो. वराडकर टीशख झाले २०१७ मध्ये. पोस्ट दुरुस्त करा.