महागडी पिक लाइन, की घासलेला हब?

रात्रपाळी_सिस्टर
काल एकांनी इथे लिहिलं, "वडिलांना औषधाचा लेप असलेली महागडी पिक लाइन घातली असती तर रक्तात जंतू गेले नसते, हॉस्पिटलने पैसे वाचवले." त्यांचं दुःख समजतं, पण हे असंच सोडून देववत नाही. पिक लाइन म्हणजे दंडाच्या शिरेतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेली नळी, सेंट्रल लाइनचाच एक प्रकार. ऑस्ट्रेलियातल्या 3 मोठ्या हॉस्पिटलांत 1098 पेशंटवर हेच तपासलं गेलं आणि 2025 च्या जानेवारीत 'न्यू इंग्लंड जर्नल' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. साधी लाइन निकामी होऊन काढावी लागली ती 6.1 टक्के पेशंटमध्ये, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा लेप असलेली 9.9 टक्क्यांत. बाकीचे त्रासही तिच्यातच जास्त.
लाइन वाचते ती हबवर, म्हणजे सिरिंज जिथे लावतात त्या नळीच्या बाहेरच्या तोंडावर. प्रत्येक इंजेक्शनआधी स्पिरिट स्वॅबने हब घासायचा, वाळू द्यायचा, मगच सिरिंज लावायची. घाईत नेमकं हेच सुटतं.

बाबांचा_मुलगा
ती पोस्ट माझीच. बाबांच्या उशाशी मी अकरा दिवस बसून होतो. सिरिंज लावण्याआधी हब घासलेला मी दोनदा पाहिला, फक्त दोनदा. एकदा तर टोपण चादरीवर पडलं, उचललं आणि तेच परत लावलं. घासणार कुणीच नसेल, तर निदान नळी तरी स्वतःचं रक्षण करणारी हवी, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यावर तुम्ही मला ऑस्ट्रेलिया सांगताय.

भूल_निवासी
मिशिगनमधल्या 103 आयसीयूंचा अभ्यास 2006 साली आला. हात धुणं, पूर्ण गाऊन आणि मोठी चादर, क्लोरहेक्सिडीनने त्वचा साफ करणं, जांघेतली लाइन टाळणं, गरज संपली की लाइन काढणं. इतकंच केलं, आणि लाइनच्या दर 1000 दिवसांमागे जंतुसंसर्गाचं प्रमाण, मध्यक (म्हणजे क्रमाने लावल्यावर मधल्या आयसीयूचा आकडा) धरला तर, 2.7 वरून 3 महिन्यांत शून्यावर आलं. यात महाग काय होतं?

रात्रपाळी_सिस्टर
पुढचं का गाळलंत? डॉक्टरने पायरी चुकवली तर त्याला थांबवायचा अधिकार तिथे सिस्टरला दिला होता. मी एकदा एका डॉक्टरांना थांबवलं होतं. हातमोजे घातलेला हात त्यांनी बेडच्या कठड्याला लावला, म्हणून. दुसऱ्या दिवशी माझी बदली वॉर्डात. आता परत आयसीयूत आहे, रात्री चार पेशंट एकटीने बघते मी. बाबांच्या मुलाने पाहिलं ते खोटं आहे असं मी म्हणत नाही.

कोकणातली_लेक
सेंट्रल लाइनचं राहू द्या, साध्या सलाईनच्या सुईबद्दल कुणी बोलेल का? माझी आई किडनीची पेशंट. दर तीन दिवसांनी इंट्राकॅथ बदलायचीच, चांगली चालू असली तरी. डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत निळे डाग पडले होते. पुढे डायलिसिससाठी फिस्टुला (हातातली शीर धमनीला जोडणं) करायला गेलो तर सर्जन हात चाचपून म्हणाले, "शीरच उरली नाही." आता मानेत परमकॅथ, म्हणजे डायलिसिसची नळी, आहे. मशीनला जोडलं की दहा मिनिटांत आई थंडीने कुडकुडायला लागते, दात वाजतात. हे दोनदा झालं. शिरा कुणी खाल्ल्या?

भूल_निवासी
ठरावीक दिवसांनी सुई बदलायची गरज नाही, हे 2012 मध्येच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलंय. 3283 पेशंट होते. नियमाने बदला किंवा गरजेला बदला, शीर सुजण्याचं प्रमाण दोन्हीकडे 7 टक्केच.

वॉर्ड_नं_सहा
गरजेला बदला म्हणजे काय, ते वॉर्डात येऊन बघा डॉक्टर. प्रत्येक पाळीला हात उघडून बघायचा, दाबून बघायचा, दुखतंय का विचारायचं. पन्नास खाटांना दोन सिस्टर असताना तो हात बघणार कोण? तीन दिवसांचा नियम आहे म्हणून निदान तेव्हा तरी पट्टी सुटते. नियम काढलात तर सुजलेला हात पाचव्या दिवशी नातेवाईकच दाखवतील.

कोकणातली_लेक
म्हणजे तुम्हाला माणसं कमी, म्हणून माझ्या आईला जास्त टोचायचं?

वॉर्ड_नं_सहा
असं मी म्हटलेलं नाही. तुमच्या आईला तिथे टोचायलाच नको होतं. किडनीच्या पेशंटच्या दंडाला आणि कोपराखाली हात लावायचा नाही, लागलंच तर पंजाच्या मागची शीर घ्यायची, हे पहिल्याच दिवशी केसपेपरवर लाल पेनाने लिहायचं असतं. ते कुणी लिहिलं नाही, ही चूक आमच्या बाजूची. मान्य आहे.

भूल_निवासी
आणि पिक लाइनही त्याच दंडाच्या शिरेतून जाते. क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे किडनी नीट चालत नसलेल्या पेशंटला ती घालण्याआधी नेफ्रॉलॉजिस्टला, किडनीच्या डॉक्टरांना, विचारायला हवं. मी स्वतः दोनदा न विचारता घातली आहे.

बाबांचा_मुलगा
लेप असलेल्या नळीबद्दलचा आकडा मी मानतो, नाइलाजाने. पण पैसे वाचवले, या म्हणण्यावर मी ठाम आहे. नळीवर नसतील वाचवले, सिस्टरांवर वाचवले. चारऐवजी दोन पेशंट असते तर ते टोपण चादरीवरून उचलून परत लागलं नसतं.

रात्रपाळी_सिस्टर
यावर माझं काहीच म्हणणं नाही. आज पुन्हा चार आहेत, दोघांना सेंट्रल लाइन. ड्युटीवर निघते.