जर्मनीत एकटी राहतेय, दुकानातल्या लोकांशी ओळख कशी वाढवायची?

सई_लाइपझिग: मास्टर्सला आलेय, एकटीच राहते. दिवसभरात बोलणं होतं ते बेकरीतल्या काकूंशी, तेही "एक ब्रेड, कार्डने" एवढंच. मला खरंच ओळख वाढवायचीये पण इथे उगाच बोललेलं चालतं का? सुपरमार्केटात तर कॅशियर इतक्या भराभर स्कॅन करतात की पिशवी भरेपर्यंत मागच्याचं सामान सुरू.

निनाद७: सुपरमार्केट सोड, तिथे रांग अडवलेली कोणालाच आवडत नाही. बेकरी बेस्ट. शिरताना "हालो", निघताना "श्योनेन टाग" (दिवस छान जावो) न चुकता म्हण, आणि सकाळची गर्दी ओसरल्यावर दुपारी जा, मग विचार की आज कुठला ब्रेड चांगलाय, राय या धान्याचा की डिंकेलचा (गव्हाचाच एक जुना प्रकार), भरभरून सांगतात. आपण "झी"च (म्हणजे "तुम्ही") म्हणायचं, "डू"वर ("तू"वर) त्यांना येऊ दे.

मीराताई: टर्किश दुकान गाठ गं! कोथिंबिरीची मोठी जुडी, भेंडी सगळं मिळतं. आमच्या इथले दुकानवाले मी भेंडीची टोकं मोडून बघते म्हणून आधी चिडायचे, मग सांगितलं की आमच्याकडे कोवळी आहे का ते असंच बघतात, आता स्वतःच कोवळी निवडून बाजूला ठेवतात. ईदला मी शंकरपाळी दिली, त्यांनी बकलावा दिला.

सई_लाइपझिग: थँक्यू दोघांना! रविवारी बहुतेक दुकानं बंद, सोमवारी दुपारी बेकरीत जातेच. ताई, काकूंना पण शंकरपाळी नेऊ का?

मीराताई: आधी चार दिवस बोल, खाऊ नंतर. आणि देताना त्यात काय काय घातलंय ते सांग, गहू-दुधाची ॲलर्जी असते काही जणांना.